उन्हाळी सुट्टीतील पोषण आहार

दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत मोफत दिले जाणारे शिजवलेले जेवण. ही वेगळी योजना नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या माध्यान्ह भोजन योजनेचाच (आताचे नाव ‘पीएम पोषण’) हा सुट्टीतला भाग आहे.

‘पीयूसीएल’ या संघटनेच्या अन्नहक्क याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. पण भूक शाळेचे वेळापत्रक पाहत नाही. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण बंधनकारक केले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मात्र ‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’ असेच शब्द आले. २०१६ च्या दुष्काळात ‘स्वराज अभियान’ या संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाला सुट्टीतही जेवण देण्याचे पुन्हा बजावावे लागले; अंडी, दूध किंवा तत्सम पोषक पदार्थ आठवड्यातून निदान ३ दिवस द्यावेत, ही भर त्या वेळची.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात तेथील शाळांच्या चुली सुट्टीतही पेटल्या. प्रमाण नेहमीचेच : प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम. खिचडी शिजली की आधी चाखायची, चव नोंदवहीत सही करायची, मग ओळीने बसलेल्या मुलांच्या ताटल्यांत वाढायची. गावात टँकर येत असेल तर तांदूळ धुवायला आणि ताटल्या विसळायलाही त्याचेच पाणी. केंद्राच्या निकषात स्वयंपाकी-मदतनिसांचे मानधन वर्षातून १० महिन्यांचेच धरलेले असते. ऐन मे महिन्यात पातेल्याशी उभ्या राहणाऱ्या बाईची ही उपेक्षा खटकते.

दुष्काळाची अट हीच या तरतुदीची मोठी उणीव. ऊसतोड मजुरांची मुले हंगाम संपवून मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात, तोवर सुट्टी तोंडावर आलेली असते. तालुका यादीत नसेल तर शाळेतल्या जेवणासाठी त्यांना जूनची वाट पाहावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत मात्र केंद्राने उन्हाळी सुट्टीतील आहार देशभर मंजूर केला. शाळेत पंगत बसवणे शक्य नव्हते, म्हणून पालकांना शाळेत बोलावून तांदूळ आणि डाळ-कडधान्य मोजून दिले गेले.