वाटून घेतलेले इंटरनेट

घरात येणारी जोडणी एक आणि तिच्यावर चालणारी यंत्रे अनेक, ही सोय इंटरनेटच्या मूळ आराखड्यात नव्हती. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा, जगात दुसऱ्या कोणाचा नसलेला आकडी पत्ता मिळेल असे तेव्हा धरून चालले होते. पत्ता ३२ बिटांचा ठरला आणि एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी झाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ते पुरणार नाहीत हे दिसू लागले. मे १९९४ मध्ये कील्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या टिपणात ‘नॅट’ची कल्पना मांडली. आतल्या यंत्रांनी खासगी पत्ते वापरावेत आणि दाराशी बसलेल्या उपकरणाने बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा पत्ता बदलून सार्वजनिक पत्ता घालावा, अशी ती युक्ती होती. टिपणात याला अल्पकाळचा उपाय म्हटले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी पत्त्यांचे गट कायमचे राखून ठेवले गेले आणि १९२.१६८ हे आकडे घरोघरी पोचले. पुढे कोणता संवाद कोणत्या यंत्राचा हे ओळखू देणाऱ्या पोर्ट क्रमांकांच्या आधाराने एका सार्वजनिक पत्त्यामागे अख्खे घर मावू लागले. आज घरातले नेट बिघडले की जे दोष शोधावे लागतात, त्यांतले बरेचसे या तडजोडीतून आलेले आहेत.

दोष शोधायचे मुख्य साधन मात्र तिच्याही आधीचे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांना तिथल्या जाळ्याचे वागणे विचित्र वाटले. एक छोटा संदेश पाठवायचा आणि तो परत येतो का, किती वेळात येतो, हे पाहायचे, असा प्रोग्राम त्यांनी घाईने लिहिला. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याचे नाव ‘पिंग’ ठेवले. पहिले पिंग सुटण्याआधीच बिघाड सापडून दुरुस्तही झाला होता, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे. प्रोग्राम मात्र टिकला. एकेक टप्पा पुढे जाऊन विचारायचे, जिथे उत्तर येणे थांबेल तिथे दोष शोधायचा, ही शिस्त त्यानेच रुजवली.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा जोडणी फोनच्या तारेवरून, मोडेम लावून होत असे आणि एका वेळी एकच संगणक चालत असे. १९९९ मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ आले. ज्या संगणकाला मोडेम जोडलेला, त्याचा घरातला पत्ता १९२.१६८.०.१ होई आणि बाकीचे त्याच्यामार्फत बाहेर जात. या काळातला दोष ठरलेला होता. आतल्या खोलीत नेट बंद पडे, तिथला माणूस आपल्याच संगणकाची तार हलवून पाही आणि खरे कारण हॉलमध्ये असे: कोणीतरी पहिला संगणक बंद केलेला, किंवा त्याच तारेवरचा दुसरा फोन उचललेला. दोष एका जागी आणि त्रास दुसऱ्या जागी, हे वाटून घेतलेल्या जोडणीचे वैशिष्ट्य तेव्हापासूनचे आहे.

राउटर आला आणि दारावरचे काम वेगळ्या डब्याकडे गेले. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन ही ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. त्याआधीच्या वर्षी सरकारने ब्रॉडबँडची किमान गती २५६ केबीपीएस ठरवली होती. फोनची तीच तांब्याची तार आता दिवसभर नेट वाहू लागली आणि पावसाळ्यात तिच्या सांध्यांत ओल शिरली की मोडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे तारेवरच्या जोडणीचा, दिवा लुकलुकत राही. तो स्थिर नसेल तर घरात काही तपासण्यात अर्थ नाही, हे लोक अनुभवाने शिकले. शहरांत केबलवाल्यांचेही नेट होते. त्यांपैकी अनेकजण ग्राहकाच्या पहिल्या संगणकाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, नोंदवून ठेवत. नवा राउटर लावला की सगळे दिवे लागलेले आणि नेट मात्र नाही. उपाय दोनच: केबलवाल्याला फोन करणे, नाहीतर राउटरमध्ये जुना मॅक पत्ता भरणे. राउटरच्या पानावर दिसणारी ‘मॅक क्लोन’ ही सोय अशाच अडचणीसाठी असते.

आतल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी करते. ही पद्धत १९९३ मध्ये लिहिली गेली. पत्ता मिळाला नाही की यंत्र स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेते. तो दिसला की समजावे, यंत्र राउटरपर्यंतच पोचलेले नाही, कंपनीला फोन करण्याची ही वेळ नव्हे. याच्या उलट दोष एका घरात दोन राउटर झाले की होतो: जुना आणि नवा दोघेही पत्ते वाटू लागतात आणि नेट कधी चालते, कधी अडते. एकाचे वाटप बंद करणे हाच त्यावरचा उपाय.

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला आणि वायफायचा मार्ग मोकळा झाला. तिथे मुख्य अडचण शेजाऱ्यांच्या गर्दीची आहे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच लहरींच्या आसपास चालतो. म्हणून तार लावून नेट नीट चालते का, हे आधी पाहावे.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पत्ते वाटले गेले. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्याच आवारात आणखी एक नॅट बसवले. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ असा गट राखून ठेवला गेला. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता या गटातला दिसला, तर घरचा सीसीटीव्ही बाहेरून थेट उघडणार नाही. घरातली कितीही बटणे दाबली तरी तो उघडत नाही. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो किंवा आयपीव्ही६ ही लांब पत्त्यांची नवी पद्धत चालू करून घ्यावी लागते.