पोलादाची कठीण कातडी

नाशिकमध्ये एका चौकाला लोक अजूनही ‘मायको सर्कल’ म्हणतात. 1951 साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजेच मायकोचे, नाव 2008 मध्ये बॉश झाले. चौकाचे नाव मात्र तेच राहिले. 1970 च्या सुमारास या कंपनीचा कारखाना सातपूरला उभा राहिला आणि तेथे डिझेल इंजिनाची नॉझल्स तयार होऊ लागली. नॉझल ही बोटाएवढी वस्तू. पण पोलादाची झीज माणसाने कशी रोखली, हे समजून घ्यायला ती फार सोयीची आहे.

नॉझलची बॉडी पोकळ असते आणि तिच्यात एक सुई वरखाली सरकते. डिझेलवर दाब आला की सुई उचलली जाते, टोकाच्या बारीक छिद्रांतून फवारा उडतो आणि सुई पुन्हा जागेवर आपटून बसते. मिनिटाला 2000 फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात हे तासाला 60,000 वेळा घडते. सुई आणि बॉडी यांच्यातली फट अवघी दोन ते चार मायक्रॉन. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. सुईची बैठक झिजली की डिझेल फवारण्याऐवजी ठिबकते, नीट जळत नाही आणि गाडी काळा धूर ओकते.

मग सगळे नॉझलच अतिशय कठीण का करू नये? उत्तर वर्गात दाखवता येते. शिवणाची सुई चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवावी आणि लगेच पाण्यात बुडवावी. ती कापडात गुंडाळून वाकवू गेल्यास काचेसारखी मोडते. दुसरी सुई तशीच तापवून ज्योतीपासून हळूहळू दूर नेत गार करावी. ती मोडत नाही, वाकते. कठीण पोलाद ठिसूळ असते, चिवट पोलाद मऊ असते. आपल्याला हवे असते दोन्ही: बाहेरून कठीण आणि आतून चिवट.

यावरचा जुना उपाय कार्बन मुरवण्याचा. कमी कार्बनचे लोखंड पाण्यात बुडवून फारसे कठीण होत नाही. म्हणून कारागीर ते कोळसा, जाळलेली हाडे, शिंगे, चामडे यांच्या भुकटीत बंद करून तासन्‌तास तापवत. सुमारे 900 अंश सेल्सिअसला कार्बनचे अणू पृष्ठभागातून आत शिरतात. मग वस्तू एकदम गार केली की मिलिमीटरभर जाडीची कातडी कठीण होते आणि गाभा चिवट राहतो. नॉझलची बॉडी आजही याच तत्त्वावर कठीण करतात; कोळशाऐवजी कार्बनयुक्त वायू असतो, इतकेच. दोष एकच. एवढ्या तापमानावरून झटकन गार होताना वस्तूचा आकार किंचित बिघडतो आणि ती पुन्हा घासून मापात आणावी लागते.

अमेरिकेत अ‍ॅडॉल्फ मॅकलेट यांनी 1908 च्या सुमारास वेगळी वाट धरली. त्यांनी तापलेले पोलाद अमोनिया वायूत ठेवले. अमोनियातला नायट्रोजन पोलादात शिरला आणि कातडी कठीण झाली. 1920 च्या दशकात जर्मनीत क्रुप कंपनीतील अ‍ॅडॉल्फ फ्राय यांनी या प्रक्रियेसाठी अ‍ॅल्युमिनियम व क्रोमियमयुक्त पोलादे तयार केली. येथे 500 ते 550 अंश पुरतात आणि वस्तू एकदम गार करावी लागत नाही. म्हणून आकार फारसा बिघडत नाही. याच दशकात, 1927 मध्ये, जर्मनीतील बॉश कंपनीने डिझेल पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

यापुढची पायरी वरून लेप चढवण्याची. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये सोनेरी ड्रिल दिसतात. तो टायटॅनियम नायट्राइडचा लेप. हा लेप पूर्वी 1000 अंशांच्या आसपास चढवत. एवढ्या उष्णतेने हायस्पीड स्टीलच्या हत्याराचा कठीणपणाच उतरतो. 1980 च्या सुमारास निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करून 450-500 अंशांवर लेप देणे जमले आणि सोनेरी ड्रिल बाजारात आले.

1971 साली ऐसेनबर्ग आणि शाबो या अमेरिकी संशोधकांनी हिऱ्यासारख्या कार्बनचा पातळ थर तयार केल्याचे प्रसिद्ध केले. यातले काही अणू हिऱ्याप्रमाणे, तर काही ग्रॅफाइटप्रमाणे जोडलेले असतात. म्हणून तो कठीण आहे आणि निसरडाही. तो 250 अंशांखालीही चढतो. 900, 550, 450, 250 हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले, तर या इतिहासाचे सूत्र दिसते. कातडी कठीण करायची, पण त्यासाठी आतल्या अंगाला कमीत कमी भाजायचे.

या लेपाची गरज डिझेल इंजिनाला का पडली? 1997 मध्ये कॉमन रेल पद्धत मोटारींत आली, तेव्हा डिझेलचा दाब 1350 बारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तेराशे पटींवर गेला. पुढे तो 2000 बारच्याही वर चढला. दुसरे कारण डिझेलचेच. नॉझलच्या सुईला वेगळे वंगण नसते. तिच्याभोवतीचे डिझेलच तिचे वंगण. धूर कमी करण्यासाठी डिझेलमधले गंधक काढतात, तेव्हा वंगणाचे काम करणारी इतर संयुगेही निघून जातात. 1991 नंतर स्वीडनमध्ये अत्यल्प गंधकाचे डिझेल आले आणि गाड्यांचे पंप लवकर निकामी होऊ लागले. त्यानंतर असे डिझेल वंगणद्रव्ये मिसळून विकले जाऊ लागले. भारतात 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आली. म्हणजे हवा स्वच्छ करण्याचा बोजा पोलादाच्या कातडीवर पडतो.

हा लेप दोन-चार मायक्रॉनचाच असतो. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ झाली तर वंगण आणखी घटते. गाळणीतून सुटलेली धूळ तर लेपाला ओरखडेच काढते. लेप एकदा गेला की गॅरेजमध्ये तो परत चढवता येत नाही. नॉझलच बदलावे लागते. जुने नॉझल गॅरेजमधून मिळाले तर वर्गात जरूर आणावे. सुई बोटांनी सरकवून पाहावी आणि मुलांना विचारावे: हिची कातडी कुठे झिजली असेल, टोकाला की अंगाला, आणि का?