लोणार सरोवरकाठची मंदिरे

लोणार सरोवरकाठची मंदिरे हा महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील मध्ययुगीन मंदिरांचा समूह आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या विवरात, विवराच्या कडेवर आणि लगतच्या गावात ही मंदिरे विखुरलेली आहेत. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून त्याच्या तळाशी खारे व अल्कधर्मी पाणी आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडात खाऱ्या पाण्याच्या काठी उभे असलेले देऊळ पाहायचे, तर लोणारलाच यावे लागते.

इतिहास

लोणासुर किंवा लवणासुर या दैत्याचा विष्णूने येथे वध केला, अशी पुराणकथा आहे. गावाचे नाव आणि पाण्याचा खारेपणा यांचा उलगडा लोकपरंपरा याच कथेने करते. मंदिरे साधारणपणे चालुक्य व यादव काळातील मानली जातात. वऱ्हाडात कोणत्याही जुन्या दगडी देवळाला सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची सवय आहे. परंतु हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री असल्याने या नावावरून देवळाचे वय ठरवू नये. चक्रधरस्वामी आणि यादव राजा कान्हरदेव यांची भेट लोणार येथे झाल्याचा प्रसंग ‘लीळाचरित्रा’त आला आहे. हा ग्रंथ म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केला. त्यामुळे मराठी गद्याच्या अगदी आरंभकाळातच लोणारची नोंद झालेली दिसते. पुढे ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना येथे काच व साबण करण्यास लागणारे द्रव्य मिळते, असे म्हटले आहे. ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ मध्ये या स्थळाची नोंद केली, तेव्हा ते युरोपीय अभ्यासकांच्या नजरेस आले.

प्रमुख मंदिरे

दैत्यसूदन मंदिर गावात आहे आणि समूहातील सर्वांत संपन्न शिल्पे याच मंदिरात आहेत. उंच जोत्यावर उभ्या असलेल्या या विष्णुमंदिराचा तलविन्यास तारकाकृती आहे. भिंतींना अनेक कोन पडल्याने दिवसभर छायाप्रकाश बदलत राहतो आणि मूर्तींचे उठाव स्पष्ट होतात. बाहेरच्या भिंतीवर देवदेवता, नरसिंहादी अवतार आणि काही कामशिल्पे आहेत. आत छतावर पुराणप्रसंग कोरले आहेत. अनेकजण बाहेरच्या प्रदक्षिणेवरच समाधान मानतात. छत पाहण्यासाठी मात्र डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते. मे महिन्याच्या मध्यास काही दिवस सूर्यकिरण गाभाऱ्यातील मूर्तीवर पडतात, तेव्हा येथे गर्दी होते.

विवराच्या कडेवर गोमुखातून गोड्या पाण्याची बारमाही धार वाहते. तिच्याभोवती कुंड व देवळे असून यात्रेकरू तेथे स्नान करतात. खाली काठावर रामगया, वाघ महादेव, मोर महादेव, शंकर-गणेश अशी लहान मंदिरे आहेत. त्यांपैकी बहुतेकांची पडझड झाली असून काहींत पूजाही होत नाही. दक्षिण काठावरील कमळजादेवीचे मंदिर मात्र जागते आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते. गावाजवळ आडव्या स्थितीतील मोठ्या मारुतीचे देऊळ आहे.

पाणी आणि दगड

खाऱ्या पाण्याकाठच्या वास्तूंना लाटांइतकाच, कधी अधिकही, क्षारांचा उपद्रव होतो. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढते आणि बाष्पीभवनानंतर क्षारांचे स्फटिक तिथेच वाढतात. त्यांच्या दाबाने पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. समुद्राकाठच्या महाबलीपुरमच्या मंदिराला दगडी बांध व सुरूच्या झाडांची आडोशी रांग द्यावी लागली, तीही अशाच कारणांसाठी. लोणारला लाटा नाहीत. येथे धोका आहे तो चढउतार करणाऱ्या पाण्याचा. विवरातील पाण्याला बाहेर जाण्याची वाट नाही. पाणी बाहेर पडते ते केवळ बाष्पीभवनाने. ज्या गोड्या धारेमुळे हे तीर्थ झाले, तिचेच पाणी पावसाच्या आणि गावातून येणाऱ्या पाण्यासह तळाशी साठत राहते. पातळी वाढली की काठची देवळे पाण्याने वेढली जातात. घटली की दगडावर क्षारांचा पांढरा थर उरतो. अलीकडच्या काळात कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत पाणी पोहोचले आहे. गोडे पाणी वाढल्यास सरोवराचा खारेपणाही कमी होतो आणि त्यावर जगणारे सूक्ष्मजीव संकटात येतात. याउलट जून २०२० मध्ये पाणी घटून खारेपणा वाढला, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले होते. देवळे वाचवण्याचा प्रश्न म्हणूनच सरोवराच्या पाण्यापासून वेगळा काढता येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

भेट

अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर या मार्गाने आणि अमरावतीहून कारंजा, मालेगाव, मेहकर या मार्गाने लोणारला जाता येते. मेहकरपासून अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. धारेजवळून विवरात पाऊलवाट उतरते. वाट झाडीतून जाते आणि परतीची चढण उन्हात दमवते, म्हणून सकाळी लवकर उतरावे व पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. पावसाळ्यानंतर काठावरील वाट पाण्याखाली असू शकते. अशा वेळी आधी स्थानिक चौकशी करावी. वेळ थोडा असल्यास विवराच्या कडेवरून सरोवर पाहून उरलेला वेळ दैत्यसूदन मंदिराला द्यावा.