"त्याले रिमांड होममंधी टाका!"

मित्रांनो, विषय अवघड आहे. पण लपवून लपवून आपण पोरांचंच नुकसान करतोय, म्हणून लिहितो.

मागं एका घरी बसलो होतो. सहा वर्षांच्या पोरानं त्याच्याहून लहान मुलीशी नको ते केलं होतं. एकदा नाही, धमकावून पुन्हा पुन्हा. कोणी म्हणे, "लहान हाये, सोडून द्या." कोणी म्हणे, "त्याले रिमांड होममंधी टाका." आम्ही १०९८ ला फोन लावला. मुलीला आधी आधार हवा, याबद्दल वाद नव्हता. पण निघताना पोराची माय म्हणाली, "भाऊ, याले दाखवू कोठी?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. घरी येऊन जुने कायदे वाचत बसलो.

१८६० च्या दंड संहितेनंच सांगितलं होतं की सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा असेल तर त्याची समज पाहावी. आजच्या न्याय संहितेतही तेच आहे. पण गुन्हा नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं थोडंच आहे? मोठ्या पोरांसाठी १८९७ चा सुधारशाळांचा कायदा आला. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. तिथं १९२८ साली बालकांसाठी वेगळा कायदा झाला. हे सगळे कायदे एकच विचारत होते : पोराला ठेवायचं कुठं?

१९३७ साली मुंबईत, आज जिला आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो तिथं, देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. तिथं प्रश्न बदलला : पोर असं का वागतंय? त्यानं काय पाहिलं, त्याच्यावर काय गुदरलं?

पुढं २०१२ चा पोक्सो आला. अशी गोष्ट कळवणं बंधनकारक झालं. करणारा अठराच्या आतला असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं. २०१५ च्या कायद्यात समुपदेशनही आहे. कागद पुरेसे आहेत. पण १९३७ चा तो प्रश्न मुंबईहून निघाला, तो तळेगावच्या फाट्यावर अजून उतरायचाच आहे. वर्धा-सेवाग्रामला एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. असे उपचार एका खेपेत होत नाहीत.

लहान पोरांचं कुतूहल वेगळं. जिथं जबरदस्ती आहे, धमकी आहे, लपवाछपवी आहे, तिथं दोन्ही पोरांना मदत लागते. मारून ते सुटत नाही, गप्प बसूनही नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी एकच मागणी ठेवणार आहे : आष्टी तालुक्यात महिन्यातून ठरलेल्या दिवशी मुलांचा समुपदेशक बसला पाहिजे. अंगणवाडी ताई, गुरुजी, पालक, या. हात वर करायला माणसं लागतील.