शीत वाळवंटांतील संशोधन

वर्षाकाठी साधारणपणे २५ सेंमी. हून कमी पर्जन्य आणि दीर्घ, कडक हिवाळा असलेल्या प्रदेशाला शीत वाळवंट म्हणतात. तेथील हवामान, बर्फ, माती, सूक्ष्मजीव, वनस्पती, प्राणी आणि माणूस यांचा अभ्यास या नोंदीचा विषय आहे. अशा प्रदेशात पाणी असते, पण बहुतेक काळ ते गोठलेले असते. त्यामुळे जिवाला खरी अडचण थंडीची नसून द्रवरूप पाण्याच्या टंचाईची असते. ते पाणी कोठे, केव्हा आणि किती वेळ मिळते, या प्रश्नाभोवती येथील बरेचसे संशोधन फिरते.

प्रकार : शीत वाळवंटे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिली उंच पर्वतांच्या पर्जन्यछायेत येतात : लडाख, हिमाचल प्रदेशातील स्पिती, तिबेटचे पठार व गोबी. सह्याद्री ओलांडताना मोसमी वारे कोरडे होतात आणि माण-खटावचा पट्टा अवर्षणग्रस्त राहतो. हिमालयाच्या उत्तरेस हीच क्रिया कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडते. सुमारे ३,५०० मी. उंचीवरील लेह येथे वर्षभरात जेमतेम १० सेंमी. पर्जन्य होतो. दुसरा प्रकार ध्रुवीय. अंटार्क्टिका हे जगातील सर्वांत मोठे वाळवंट असून त्याचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे. तेथे हिमवर्षाव अल्प होतो, पण पडलेले हिम वितळत नसल्याने लक्षावधी वर्षांत त्याचे थर साचले आहेत. व्होस्टोक या रशियन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२° से. तापमान नोंदले गेले.

जीवसृष्टी : अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर शैवाक (दगडफूल ज्या वर्गात मोडते तो), हरिता, शैवले, सूत्रकृमी, माइट, स्प्रिंगटेल व टार्डिग्रेड आढळतात. फुलझाडांच्या स्थानिक जाती दोनच असून या खंडात त्या अंटार्क्टिक द्वीपकल्प व त्यालगतच्या बेटांपुरत्या मर्यादित आहेत. बेल्जिका अंटार्क्टिका हा काही मिलिमीटर लांबीचा पंखहीन कीटक फक्त याच खंडात सापडतो. मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत सच्छिद्र वालुकाश्माच्या पृष्ठाखाली काही मिलिमीटरवर सूक्ष्मजीवांचे हिरवे पट्टे असल्याचे इमरे फ्रीडमन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. दगडातून झिरपणारा उजेड आणि वितळलेल्या हिमाचा थोडासा ओलावा त्यांना पुरतो.

हिमनदीच्या पृष्ठावरील क्रायोकोनाइट विवरे हे असेच दुसरे आश्रयस्थान. वाऱ्याने आलेली काळसर धूळ सूर्याची उष्णता शोषते, तिच्याखालचे बर्फ वितळते आणि नळकांड्यासारखा खड्डा तयार होतो. अनेक विवरांवर पुन्हा बर्फाचे झाकण धरते. आत पाणी, तळाशी गाळ आणि त्यात शैवले व जीवाणू अशी छोटी परिसंस्था उन्हाळाभर चालते.

गोठण्यापासून बचाव करण्यासाठी जीव पेशीत शर्करा व हिमरोधी प्रथिने साठवतात आणि पेशीपटल लवचिक राहील अशी मेदाम्ले वापरतात. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात एस. शिवाजी व सहकाऱ्यांनी अशा जीवाणूंचा दीर्घ अभ्यास केला. त्यांनी वर्णन केलेल्या आर्थ्रोबॅक्टर गंगोत्रीएन्सिस या जातीला अंटार्क्टिकातील ‘दक्षिण गंगोत्री’ या भारतीय केंद्राचे नाव मिळाले. अंटार्क्टिकातीलच भारती या भारतीय केंद्राच्या परिसरातून २०१७ मध्ये गोळा केलेली हरिता पंजाब केंद्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी नवी जात ठरवली. तिचे नाव ब्रायम भारतीएन्सिस.

लडाखमध्ये सुमारे ६,१५० मी. उंचीवर फुलझाडे वाढताना आढळली आहेत. अशा उंचीवरील वनस्पती बहुधा जमिनीला चिकटून उशीसारख्या गोलसर वाढतात. त्यामुळे वारा कमी लागतो आणि आतील ऊब व ओल टिकते. स्पितीतील ‘शीत वाळवंट जीवावरण राखीव क्षेत्र’ २००९ मध्ये घोषित झाले व २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात समाविष्ट झाले. हिमबिबट्यांच्या पहिल्या देशव्यापी गणनेत (२०१९–२३) भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी ४७७ लडाखमधील होते.

गोवा व महाराष्ट्राचा सहभाग : भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत (१९८३-८४) दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र उभे राहिले. नागपुरात जन्मलेल्या सागरवैज्ञानिक अदिती पंत या मोहिमेत होत्या. त्या व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला होत. औंध संस्थानच्या पंत घराण्यातील अदिती यांनी पुणे विद्यापीठातून पदवी घेतली, हवाई व लंडन येथे उच्च शिक्षण घेतले आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. सागरी शैवले हा त्यांचा विषय होता.

दक्षिण गंगोत्री तरंगत्या हिमफळीवर असल्याने हिमाखाली गाडले गेले. १९८९ मध्ये सुरू झालेले मैत्री केंद्र शिर्माखर या सुमारे ३५ चौ. किमी. च्या बर्फमुक्त, तळ्यांनी भरलेल्या खडकाळ भागात आहे. भारती हे केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले. नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था अंटार्क्टिकावर चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेते.

मोहिमांचे संयोजन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र (स्थापना १९९८) करते. तेथील प्रयोगशाळेत अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे गाभे उणे २०° से. तापमानात ठेवतात. बाहेर गोव्याचा दमट उकाडा असताना आत संशोधक जाड कोट घालून करवतीने गाभा कापतात, हाताळणीत दूषित झालेला बाहेरचा थर काढून टाकतात आणि आतल्या बर्फातील ऑक्सिजनची समस्थानिके, धूळ व क्षार मोजतात. अशा गाभ्यांतून गेल्या सुमारे पाच शतकांतील हवामानाचा क्रम मांडला गेला आहे. याच केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत ४,००० मी. हून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे केंद्र उभारले. चंद्रा खोऱ्यातील सुत्री ढाका, बातल इ. हिमनद्यांत दरवर्षी किती भर पडते आणि किती झीज होते, याचा ताळेबंद तेथून ठेवतात.

शीत वाळवंटातील कोरडी, निरभ्र हवा खगोलशास्त्राला मानवते. लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची सुमारे ४,५०० मी. उंचीवरील वेधशाळा आहे. तेथेच मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने उभारलेल्या २१ मी. व्यासाच्या ‘मेस’ या गॅमा-किरण दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

मानवी जीवन : लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, म्हणून नवख्या माणसाला शरीर सरावेपर्यंत विश्रांती घ्यावी लागते. लेह येथील संरक्षण उच्चतुंगता संशोधन संस्था जमिनीत खोदलेल्या हरितगृहांत भाजीपाला पिकवण्याच्या पद्धती विकसित करते. विरळ हवा, तीव्र अतिनील किरण आणि उघडी जमीन यांमुळे लडाखचे मंगळाशी साम्य मानले जाते. इस्रोच्या सहकार्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये लेह येथे सुरू झालेल्या सदृश (अ‍ॅनालॉग) अंतराळ मोहिमेत आयआयटी मुंबईचाही सहभाग होता.

लडाखी शेतकऱ्याची अडचण वेळेची आहे. पेरणीला वसंतात पाणी लागते, पण उंचावरील हिमनद्यांचे पाणी उन्हाळा चढल्यावर येते. अभियंता चेवांग नोरफेल यांनी हिवाळी ओढे अडवून गावाजवळ कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या सुमारास पाइपातून पाणी उडवून बर्फाचे शंकू उभारले. शंकूच्या पृष्ठाला आकारमानाच्या मानाने ऊन कमी लागते, म्हणून तो वसंतापर्यंत टिकतो. उलट, पाणी एकाएकी अतोनात आले तेव्हा, म्हणजे ऑगस्ट २०१० मधील लेहच्या ढगफुटीत, कोरड्या हवामानासाठी बांधलेली सपाट छपरांची मातीची घरे कोसळून मोठी जीवितहानी झाली.

विदर्भातील प्राचीन पुरावा : सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत व अंटार्क्टिका गोंडवन भूखंडात जोडलेले होते आणि त्याचा मोठा भाग हिमाच्छादित होता. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ हिमनदीने ओरखडलेला चुनखडक व त्यावरील तालचीर गोटाश्म थर आहे. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडेन यांनी १८७५ मध्ये त्याविषयी लिहिले. हिम ओसरल्यावर वाढलेल्या जंगलांतून यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसराचा कोळसा बनला. त्या जंगलांतील ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म १९१२ मध्ये ध्रुवीय संशोधक स्कॉट यांच्या तुकडीने अंटार्क्टिकातील बिअर्डमोर हिमनदीजवळ गोळा केले होते.

बंधने : १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने अंटार्क्टिकात खाणकामाला मनाई केली असून संशोधकांनाही कचरा परत न्यावा लागतो. भारताने २०२२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. माणसाबरोबर येणारे जीवाणू व बीजे स्थानिक नमुन्यांत मिसळली, तर मूळ जीव कोणता आणि पाहुणा कोणता हे सांगणे कठीण होते. म्हणून नमुने घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच काही भाग अस्पर्श ठेवणेही या संशोधनात आवश्यक मानले जाते.