घाटाखालची अमेरिका

न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर १ जानेवारी १८९२ रोजी स्थलांतरितांची तपासणी सुरू झाली. तिथून अमेरिकेत शिरलेल्या सुमारे एक कोटी वीस लाख माणसांची नावे जहाजांच्या याद्यांत आहेत. पतवंडे आज त्यात पणजोबा शोधतात. त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसाचे नाव अशा कुठल्या यादीत चढले नाही. तो परदेशी गेला नव्हता ना! माझ्या मते मात्र तोही परमुलखातच गेला होता.

तेव्हाचा सातारा आजच्या सांगलीतही पसरलेला होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्याचे. मधेमधे औंध, सांगली, मिरज, जत ही संस्थाने. ‘दक्षिण सातारा’ जिल्हा १९४९ चा, त्याचे ‘सांगली’ हे नाव १९६० चे. माण-खटाव-आटपाडीत पाऊस नाही, पाटण-शिराळ्यात पाऊस उदंड पण डोंगरउताराची जमीन वीतभर. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी उरलेसुरले बळ काढून घेतले. पुणे-मिरज मीटरगेज रेल्वे नुकतीच झाली होती. पुण्याला गाडी बदलायची आणि घाट उतरायचा. अर्थात तिकिटाला पैसे नसले की रूळ असून नसल्यासारखे. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचे कुटुंब त्यानंतर चाळीसेक वर्षांनीही मुंबईला पायीच गेले.

एलिस बेटावर डॉक्टर पापणी उलटून खुपऱ्या आहेत का पाहत आणि संशय आला की कोटावर खडूची खूण करत. आमच्याकडे सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि स्थानकांवर उतारूंच्या काखा-जांघा चाचपणे सुरू झाले. तिकडे वरच्या वर्गाच्या प्रवाशांना जहाजावरच जुजबी तपासून सोडत. इकडेही खरा जाच तिसऱ्या वर्गाला. फरक एवढाच, की इटलीचा माणूस परक्या दारात तपासला जाई आणि आमचा माणूस स्वतःच्या गावाकडे पळताना.

न्यूयॉर्कच्या इटालियनांना काम मिळवून देणारा, आणि त्यावर दलाली खाणारा, ‘पाद्रोने’ असे. गिरणीत ते काम मुकादमाचे. खात्यावर घेणारा तो, काढणारा तो, अडीअडचणीला उसने देणाराही पुष्कळदा तोच. त्यामुळे एका गावची माणसे एका खात्यात आणि एकाच गाळ्यात. पाळीवरून आलेला वळकटी पसरी, पाळीवर निघालेला गुंडाळी, जेवण खानावळवालीकडे. १९११ चा कायदा येईपर्यंत विजेच्या दिव्याखाली चौदा-पंधरा तासही काम चाले. शहर त्याला ‘घाटी’ म्हणे. गावी गेला की तोच ‘मुंबईकर’.

हा माणूस जत्रेला, सुगीला गावी येई. मरायलाही बहुधा तिथेच. यावरून त्याच्या मातीच्या ओढीची वर्णने आपल्या लेखकांनी भरपूर केली. ओढ असेल, नाही म्हणत नाही. पण मला त्यात हिशेब अधिक दिसतो. १९११ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे ५३०, आणि शहरातच जन्मलेली माणसे पाचांत एक. गिरणीची मजुरी एका माणसाच्या खानावळीला आणि मनिऑर्डरीला पुरे, बिऱ्हाडाला नव्हे. बाळंतपण, आजारपण, म्हातारपण हे सारे गावाने उचलायचे. गाव म्हणजे तरी कोण? कुळवाच्या मागे चालणारी, सावकाराला तोंड देणारी, सासू-सासऱ्यांचे करणारी त्याची बायको. गिरणीमालकाच्या ताळेबंदात न दिसणारी ही भर तिची होती. अण्णाभाऊंची मैनेवरची छक्कड आपण विरहगीत म्हणून ऐकतो. विरहाखाली मजुरीचा दरही ऐकू यावा. इटलीहून गेलेल्यांपैकीही निम्म्याच्या आसपास परतले, हे अमेरिकेच्या लाडक्या कहाणीत सहसा येत नाही.

गावाचा हा आधार मालकांवर उलटलाही. १९२८ चा संप सहा महिने टिकला, त्यामागे युनियन होतीच. पण गाळे रिकामे करून संपकरी गावी गेले आणि घरच्या भाकरीवर दिवस काढले, हेही होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा पुन्हा तीच वाट धरली गेली. या वेळी बोलावणे आले नाही.

त्या गावांतून हिंडताना मी आता देवळांच्या पायऱ्या आणि सभामंडपाचे खांब वाचतो. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशी फरशी बसवलेली असते. खाली वर्गणीदारांची नावे, पुढे रुपये. सगळी नावे पुरुषांची.