आधी फराळ, मग नाटक

श्रोतेहो, आपल्या वऱ्हाडात नाटकाचा शौक जुना आहे. १९०५ साली पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ लिहिणारे वीर वामनराव जोशी हेही अमरावतीचेच. कापसाचा पैसा हाती आला, की मोठ्या नाटक मंडळ्या वऱ्हाडचा दौरा काढीत. अकोल्या-अमरावतीला खेळ लागला, की खेड्यापाड्यांतला रसिक बैलगाडी जुंपून निघे.

मूर्तिजापूर तर जंक्शनाचे गाव. मुंबईकडचा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. पुढे मूर्तिजापुराहून १९०३ मध्ये यवतमाळकडे आणि १९१३ मध्ये अचलपूरकडे छोटी गाडी धावू लागली. हीच आपली शकुंतला. ती आता बंद पडली आहे. पण त्या काळी कारंज्याचा, दारव्ह्याचा, अंजनगावचा पाव्हणा याच गाडीने येई आणि इथे गाडी बदलून पुढे जाई.

संगीत नाटक म्हणजे रात्रभराचे काम. पदांना ‘वन्समोअर’ मिळाले, की खेळ आणखी लांबे. म्हणजे आधी पोटात काही घालणे आलेच. आता हे जेवण करायचे कुठे? गावात सोयरा असेल तर प्रश्न नाही. धर्मशाळेत उतरले, तर शिदोरी सोडायची. नाहीतर खानावळ, आणि पुढे चहा-भज्यांचे हाटेल. आज आपल्याला ही गोष्ट किती साधी वाटते! पेठेत नवे हाटेल निघाले, चला, दोन बोंडे खाऊ, चहा घेऊ आणि नाटकाला जाऊन बसू. पण श्रोतेहो, या साध्या गोष्टीपुढे दोन दारे होती, आणि ती सगळ्यांना सारखी उघडी नव्हती.

पहिले दार खाण्याचे. बाहेर खाणे हा तेव्हा जिभेचा प्रश्न नव्हता, जातीचा होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. ती बातमी छापून आली आणि केवढे काहूर उठले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर या थोर माणसांनीही प्रायश्चित्त घेतले. एका कपाची ही कथा. रेल्वे स्टेशनावर पाणीसुद्धा हिंदूंचे वेगळे आणि मुसलमानांचे वेगळे मिळे. मग ज्यांना अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवले, त्यांची काय गत? हाटेलाच्या बाहेर उभे राहायचे, वरून ओतलेला चहा वेगळ्या कपात घ्यायचा, आणि तो कप आपणच धुऊन ठेवायचा. पैसा मात्र त्यांचाही तोच, राजाच्या छापाचा!

दुसरे दार नाटकाचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला पहिला खेळ केला, तो राजाच्या आश्रयाने. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. तिकीट ही मोठी गंमतीची चीज आहे, बरे का. राजाच्या दरबारात आमंत्रण लागते. तिकिटाला पैसा पुरतो. पण जुनी रूढी तिकिटालाही सहज जुमानीत नसे.

ही दारे आपोआप उघडली नाहीत. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि जागा कोणती? इंद्रभुवन थिएटर! देवीचे दार बंद होते, तेव्हा हक्काची भाषा नाटकगृहात बोलली गेली. इकडे आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा फुटक्या मडक्यात भाकर मागून खात आणि कीर्तनात शिवाशिवीवर सोटा चालवीत. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली.

मग २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. शिक्षकबंधूंनी तिचे पंधरावे कलम मुलांना जरूर वाचून दाखवावे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही कुठे अडवता येणार नाही, हे सांगताना तिथे दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांची नावे एका ओळीत घेतली आहेत. घटनेसारख्या भारदस्त ग्रंथात हाटेल आणि नाटकगृह शेजारीशेजारी बसले आहेत! सतरावे कलम अस्पृश्यताच नाहीशी करते. पुढे १९५५ च्या कायद्याने असे अडवणे हा गुन्हा ठरवला, आणि हाटेलातली, धर्मशाळेतली भांडी वापरू न देणे हाही गुन्हाच ठरवला. म्हणजे कायदा दारापाशी थांबला नाही, थेट कपबशीपर्यंत गेला.

पण कपबशी फळीवर मांडतो तो माणूस, कायदा नव्हे. वेगळा कप कायद्याने गेला, तरी कित्येक गावांतल्या फळीवरून तो लवकर हलला नाही. म्हणून आपल्या पेठेत नवे हाटेल निघाले, तर भजी कशी आहेत हे अवश्य बघा. पण सगळ्यांना एकाच फळीवरचा कप मिळतो की नाही, हेही बघा. तो मिळत असेल, तर शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे याची विचारपूस न करता फराळ उरका आणि लवकर निघा. तिसरी घंटा कोणासाठी थांबत नाही.